शाळेतली जर्मन, ए-टूपासून बी-वनपर्यंत: सांगलीकडच्या मराठी मुलांसाठी

जर्मनचं पहिलं वर्ष मजेत जातं. गुटेन टाग, नाव-गाव, घड्याळ, फळं-भाज्या, कुटुंबातली माणसं. मार्कही भरघोस पडतात. मग नववी-दहावीत किंवा अकरावीला कधीतरी डाटिव ही विभक्ती येते, त्याच्या पाठोपाठ विशेषणांची शेपटं येतात, क्रियापद वाक्याच्या टोकाला जाऊन बसतं, आणि मार्क मिळवून देणारा विषय म्हणून हौसेनं घेतलेली भाषा नकोशी वाटायला लागते. हा लेख त्या वळणावरच्या मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी आहे. युरोपीय मोजपट्टीवर सांगायचं तर ए-टू संपत आलंय आणि बी-वन अजून लांब आहे, असा तो टप्पा.

सांगली-मिरजेत जर्मन शिकवणारी माणसं मोजकी. पुण्यासारखे पेठेपेठेत क्लास नाहीत. वर्गात व्याकरण समजावलं जातं ते बहुतेक वेळा इंग्रजीतून, कारण पुस्तकं तशी आहेत. त्यामुळे मराठी माध्यमातून आलेलं पोर धरून चालतं की आपलं इंग्रजी कच्चं, म्हणूनच जर्मन जमत नाही. माझं मत नेमकं उलट आहे. पहिली पायरी इंग्रजीच्या आधारानं चढता येते, पण मधला टप्पा मराठीवरून सोपा जातो. तीन लिंगं, सामान्यरूप, शेवटी येणारं क्रियापद, 'मला' वापरून होणारी वाक्यं, यातलं जवळजवळ काहीच इंग्रजीत नाही आणि सगळं मराठीत आहे. काही ठिकाणी मराठीही दगा देते, ती ठिकाणं पुढे सांगतो.

एक सूचना आधीच. इथे जर्मन वाक्यं मी देवनागरीत लिहिली आहेत ती वाचायच्या सोयीसाठी. तुमच्या वहीत असं लिहू नका. जर्मनचे 'इश' आणि 'ऊमलाउट' (डोक्यावर दोन टिंबं असलेले स्वर) देवनागरीत बसत नाहीत, आणि सवय लागली की स्पेलिंग कायमचं बिघडतं.

आधी हिशेब

बी-वन गाठायला 45 मिनिटांच्या साधारण 350 ते 650 तासिका लागतात असं जर्मन शिकवणारी आणि तिच्या परीक्षा घेणारी गोएथे इन्स्टिट्यूट सांगते. शाळेत आठवड्याला चार तासिका धरल्या आणि सुट्ट्या, गॅदरिंग, परीक्षा वजा जाता वर्षाचे तीस आठवडे धरले, तर वर्षाला 120 तासिका होतात. म्हणजे नुसत्या शाळेच्या भरवशावर तीन वर्षं तर नक्कीच, आणि तीही एकही तास न बुडवता. त्यामुळे घरी रोज पाऊण तास बसणं हा या वाटेचा भागच समजा. 'सहा महिन्यांत बी-टू' अशा जाहिराती पाहिल्या की हा हिशेब पुन्हा मांडून बघा. 2024 साली महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केल्यापासून अशा जाहिराती गल्लोगल्ली दिसतात. करार खरा आहे, पण त्यामुळे डाटिव सोपा झालेला नाही.

शब्दांचाही हिशेब आहे. गोएथेच्या याद्यांप्रमाणे ए-वनला सुमारे 650, ए-टूला 1300 आणि बी-वनला 2400 शब्द. या याद्या मोफत उतरवून घेता येतात. ए-टूची यादी छापून घ्या आणि ओळखीच्या शब्दांवर पेन्सिलनं खूण करत जा. हजारापेक्षा कमी खुणा झाल्या तर बी-वनचं पुस्तक बंद ठेवा आणि आधी खड्डा भरा. दुसरी चाचणी याहून साधी आहे: काल दिवसभर काय केलं, ते पुस्तक न उघडता दहा ओळींत लिहा. दहापैकी सात ओळींत भूतकाळासाठी 'हाबे' लावायचं की 'बिन' हे न अडखळता ठरलं, तर पुढे चला.

लिंग: शब्द पाठ करायची पद्धत बदला

'टिश म्हणजे टेबल' असं पाठ केलं की ते अर्धवट राहतं. डेर टिश, अनेकवचन टिशे, असं एका दमात पाठ करायचं. हे पहिल्या वर्षी सगळे सांगतात आणि कुणी करत नाही, कारण तेव्हा चूक खपून जाते. डाटिव आल्यावर खपत नाही. पुल्लिंगी डेर किंवा नपुंसकलिंगी डास असेल तर डेम आणि स्त्रीलिंगी डी असेल तर डेर होतो. लिंगच माहीत नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे.

इंग्रजी बोलणाऱ्याला टेबलाला लिंग असतं हेच पटवून घ्यावं लागतं. तुम्हाला नाही. तो रस्ता, ती वाट, ते वळण, हे तुम्ही विचार न करता बोलता. फक्त जर्मनचं लिंग मराठीशी जुळेलच असं नाही. आपला सूर्य पुल्लिंगी, त्यांची डी झोने स्त्रीलिंगी. मेडशन म्हणजे मुलगी असूनही डास का, यावर इंग्रजी पुस्तकं परिच्छेद खर्च करतात. आपल्याकडे 'ते लेकरू', 'ते पोरगं' म्हणणाऱ्याला त्यात नवल वाटायला नको.

काही शेवट मात्र खात्रीचे आहेत, ते भिंतीवर लावा. उंग, हाइट, काइट, शाफ्ट, टेट, त्सिओन यांनी संपणारे शब्द डी. शेन आणि लाइन यांनी संपणारे लघुत्वाचे शब्द डास. 'इस्मुस' आणि '-लिंग' या अक्षरांनी संपणारे, शिवाय वार, महिने आणि ऋतू डेर. एवढ्यावर पुस्तकातले बरेच शब्द निघतात.

जोडशब्दांना घाबरू नका. समासात शेवटच्या पदाचं लिंग चालतं हे तुम्हाला ठाऊक आहे: राजवाडा तो, कारण वाडा तो, घोडागाडी ती, कारण गाडी ती. जर्मनमध्ये अगदी तसंच. डेर त्सुकर म्हणजे साखर आणि डी फाब्रीक म्हणजे कारखाना, म्हणून डी त्सुकरफाब्रीक. डास रोअर म्हणजे नळी, म्हणून ऊस झाला डास त्सुकररोअर. आपल्या भागातल्या मुलानं हे दोन शब्द पहिल्या आठवड्यात शिकायला हरकत नाही. तोंडी परीक्षेत 'तुमच्याकडे काय पिकतं' यावर बोलताना हमखास लागतात.

विभक्ती: 'मला'चे दोन चेहरे

घर, पण घरासाठी. मित्र, पण मित्राबरोबर. शब्दयोगी अव्यय लागलं की नामाचं रूप बदलतं हे मराठीत इतकं मुरलेलं आहे की त्याला व्याकरण म्हणावंसंही वाटत नाही. जर्मनमध्ये हा बदल नामावर कमी आणि त्याच्या पुढच्या डेर-आइनवर जास्त दिसतो, एवढाच फरक. आउस, बाय, मिट, नाख, झाइट, फॉन, त्सू यांच्यानंतर नेहमी डाटिव. डुर्श, फ्युअर, गेगेन, ओने, ऊम यांच्यानंतर नेहमी अक्कुझाटिव, म्हणजे कर्माची विभक्ती. या दोन ओळी पाढ्यांसारख्या मोठ्यानं म्हणा, त्यात समजून घेण्यासारखं काही नाही.

खरी गोची 'मला' या शब्दात आहे. 'त्यानं मला पाहिलं' आणि 'त्यानं मला पुस्तक दिलं' या दोन्हींत मराठी 'मला'च वापरते. जर्मन पहिल्या वाक्यात 'मिश' म्हणते आणि दुसऱ्यात 'मिर'. कुठे काय, हे ओळखायला एक युक्ती आहे. माणसाच्या जागी निर्जीव वस्तू घालून बघा. 'त्यानं मला पाहिलं'चं 'त्यानं घर पाहिलं' होतं. 'ला' गळून पडला, म्हणजे अक्कुझाटिव, मिश. 'त्यानं मला मदत केली'चं 'त्यानं शाळेला मदत केली' होतं. 'ला' टिकला, म्हणजे डाटिव, मिर. ओळखणं, शोधणं, ऐकणं, समजून घेणं, दाखवणं, उत्तर देणं, या सगळ्यांना ही कसोटी लावून पाहा, चालते.

पण आंधळेपणानं लावू नका. फ्रागेन म्हणजे विचारणे, आनरूफेन म्हणजे फोन करणे आणि बेझूखेन म्हणजे भेटायला जाणे, या तिघांना मराठीत 'ला' टिकतो आणि तरी जर्मनमध्ये अक्कुझाटिव लागतो. उलट डांकेन म्हणजे आभार मानणे आणि ग्राटुलीरेन म्हणजे अभिनंदन करणे, यांना मराठीत 'ला' लागतच नाही, जर्मनमध्ये मात्र डाटिव. हे पाच शब्द वेगळ्या रंगानं लिहून ठेवा. पेपर काढणाऱ्यांचेही ते लाडके असतात.

आता मराठीचा मोठा फायदा. 'मला हा शर्ट आवडतो' हे वाक्य मनात इंग्रजी करून जर्मनमध्ये आणलं की कर्ता 'इश' होतो आणि घोळ सुरू होतो. मराठीवरून थेट या. डास हेम्ट गेफेल्ट मिर. कर्ता शर्ट, आणि मला म्हणजे मिर. शर्ट दोन झाले की मराठीत 'आवडतात', जर्मनमध्ये 'गेफालेन'. चवीच्या गोष्टींसाठी श्मेकेन: भाकरी रुचली तर ती मिर श्मेक्ट. मला थंडी वाजते म्हणजे मिर इस्ट काल्ट. मला मळमळतंय म्हणजे मिर इस्ट श्लेश्ट. मला वाईट वाटतं म्हणजे एस टुट मिर लाइट. 'इश बिन काल्ट' असं म्हणणारा स्वतःला भावनाशून्य म्हणवून घेतो, आणि ही चूक इंग्रजीतून विचार करणाऱ्यांची असते. सगळीकडे मात्र 'मला' म्हणजे 'मिर' नाही: भूक, तहान, ताप आणि वेळ यांना जर्मन 'इश हाबे' म्हणते.

वर्गात सगळ्यांची विकेट घेणारी नऊ अव्ययं

आन, आउफ, हिंटर, इन, नेबेन, यूबर, उंटर, फोर, त्स्विशेन. ही नऊ कधी डाटिव घेतात, कधी अक्कुझाटिव. जागच्या जागी असेल तर डाटिव, एका जागेहून दुसरीकडे गेलं तर अक्कुझाटिव. 'मी शाळेत आहे' म्हणजे इश बिन इन डेर शूले, 'मी शाळेत जातो' म्हणजे इश गेहे इन डी शूले.

इथे मराठी दगा देते. दोन्हीकडे 'शाळेत'च, आणि प्रश्नही दोन्हीकडे 'कुठे'च. त्यामुळे मराठी कान हा फरक ऐकत नाही. उपाय संस्कृतात आहे. आठवी-नववीत संस्कृत घेऊन मग जर्मनकडे वळलेली पुष्कळ मुलं आपल्याकडे असतात. स्वतः घेतलं नसेल तर शेजारच्या बाकावरच्याला विचारा. 'पाठशालां गच्छामि' यात द्वितीया, 'पाठशालायाम् अस्मि' यात सप्तमी. जाण्याच्या ठिकाणाला द्वितीया आणि असण्याच्या ठिकाणाला वेगळी विभक्ती, हाच जर्मनचा नियम. संस्कृत सोडून जर्मन घेतली म्हणजे ते दोन वर्षांचं संस्कृत वाया गेलं, ही तक्रार पालक नेहमी करतात. निदान या धड्यापुरतं तरी नाही गेलं.

सरावासाठी क्रियापदांच्या जोड्या घ्या: लेगेन म्हणजे आडवं ठेवणे आणि लीगेन म्हणजे आडवं असणे, श्टेलेन म्हणजे उभं ठेवणे आणि श्टेहेन म्हणजे उभं असणे, हेंगेन दोन्ही कामं करतो. घरातल्या वस्तू हलवत मोठ्यानं बोला. पुस्तक टेबलावर ठेवताना आउफ डेन टिश, ठेवून झाल्यावर आउफ डेम टिश. आई विचारेल काय चाललंय, विचारू दे. हात हलवत केलेला असा सराव वहीतल्या रिकाम्या जागा भरण्यापेक्षा लवकर अंगवळणी पडतो.

विशेषणांची शेपटं

तीन तक्ते, चार विभक्त्या, अठ्ठेचाळीस खाने. ते पाठ करायला बसू नका. आधी मराठी बघा: चांगला मित्र, चांगली मैत्रीण, चांगलं मूल. जर्मन: आइन गूटर फ्रॉइंट, आइने गूटे फ्रॉइंडिन, आइन गूटेस किंट. लिंग विशेषणावर दिसलं पाहिजे, हा आग्रह दोन्ही भाषांचा सारखाच आहे.

आता 'बरोबर' लावा. एका चांगल्या मित्राबरोबर, एका चांगल्या मैत्रिणीबरोबर, एका चांगल्या मुलाबरोबर. 'एक'चं 'एका' झालं, आणि चांगला-चांगली-चांगलं हा भेद मिटून सगळीकडे 'चांगल्या' उरलं. जर्मन: मिट आइनेम गूटेन फ्रॉइंट, मिट आइनर गूटेन फ्रॉइंडिन, मिट आइनेम गूटेन किंट. विशेषण तिन्हीकडे 'गूटेन'. मराठीतला 'या' आणि जर्मनमधला 'एन' इथे एकच काम करतात.

म्हणून नियम असा लक्षात ठेवा: पुढे डेर किंवा आइनच्या घराण्यातलं काही असेल आणि विभक्ती डाटिव किंवा गेनिटिव (आपल्या षष्ठीसारखी) असेल, तर डोळे मिटून 'एन'. अनेकवचनातही 'एन', आणि पुल्लिंगी अक्कुझाटिवमध्येही 'एन'. एवढं केलं की लक्ष द्यायला थोडेच खाने उरतात. आर्टिकलच नसलेले प्रकार, जसं 'गरम चहा' किंवा 'ताजं दूध', शेवटी ठेवा. बी-वनच्या लेखनात ते कमी येतात.

क्रियापद कुठे बसतं

मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागेवर. हे मराठी मुलाला जड जातं, हे कबूल करू. 'उद्या मी पुण्याला जातो' यात आपण उद्या, मी, पुणे असं सगळं सांगून मग क्रिया सांगतो. जर्मनमध्ये मॉर्गन फारे इश नाख पुणे: 'उद्या'नंतर लगेच क्रियापद, मग 'मी'. यावर एकच औषध आहे. रोज पाच वाक्यं घ्या आणि प्रत्येकाची सुरुवात कर्त्याऐवजी वेळेनं किंवा जागेनं करा.

दुसरी जागा भरली की उरलेलं वाक्य मात्र आपलंच आहे. 'मी उद्या बसनं पुण्याला जातो': वेळ, मग कसं, मग कुठे. इश फारे मॉर्गन मिट डेम बुस नाख पुणे. क्रम हुबेहूब तोच. इंग्रजी हा क्रम उलटा करते आणि तिच्यावरून आलेला विद्यार्थी तिथेच अडकतो.

आणि गौणवाक्यात तर आपलं राज्यच सुरू होतं. वाइल, डास (इथे 'की' या अर्थाचा), वेन, ऑप, ऑपवोल यांच्यानंतर क्रियापद टोकाला जातं. 'कारण मी आधीच खाल्लं आहे' म्हणजे वाइल इश शोन गेगेसन हाबे. खाल्लं म्हणजे गेगेसन, आहे म्हणजे हाबे. शब्दाला शब्द लावून ठेवा. 'कारण मला घरी जावं लागतं' म्हणजे वाइल इश नाख हाउझे गेहेन मुस. घरी, जावं, लागतं. नाख हाउझे, गेहेन, मुस. दोन क्रियापदं आली की कुठलं शेवटी, हा इंग्रजी पुस्तकातला अर्ध्या पानाचा प्रश्न मराठीत पडतच नाही. वाक्य मनात मराठीत जुळवा आणि 'कारण'पासून पुढे सरळ शब्द बदलत जा. 'तो येणार का ते मला माहीत नाही' हे मात्र आधी उलटवा: इश वाइस निश्ट, ऑप एर कॉम्ट.

संबंधी वाक्यांनाही हेच लागू. मराठीत 'जो'ची रूपं त्याच्या पोटवाक्यातल्या कामावरून ठरतात. जो इथे राहतो, ज्याला मी पाहिलं, ज्याला मी मदत केली, ज्याच्याबरोबर मी खेळलो. जर्मन: डेर हीअर वोन्ट, डेन इश गेझेहेन हाबे, डेम इश गेहॉल्फेन हाबे, मिट डेम इश गेश्पील्ट हाबे. मधल्या दोन 'ज्याला'मध्ये फरक आहे, तो वरच्या 'ला'च्या कसोटीनं सुटतो. हा धडा अवघड आहे असं कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या.

भूतकाळ थोडक्यात. कर्म असेल तर हाबेन. कर्म नसेल आणि ठिकाण किंवा अवस्था बदलत असेल, जसं येणं, जाणं, उठणं, झोप लागणं, मरणं, तर झाइन ('बिन' हे त्याचंच रूप). ब्लाइबेन म्हणजे राहणे हा हलत नाही तरी झाइन घेतो, तेवढं लक्षात ठेवा. पॅसिव्ह वेगळा शिकायला लागू नये: 'रस्ता बांधला जातो' यातल्या 'जातो'च्या जागी वेर्डेन. 'वेळ असता तर आलो असतो' अशा वाक्यांसाठी हेटे आणि व्युर्डे ही रूपं लागतात. 'मला जरा मदत कराल का' या आर्जवासाठी क्योन्टन झी मिर बिटे हेल्फेन, हे एक वाक्य घोटून ठेवा, शंभर ठिकाणी चालतं.

उच्चार: चाकातला च

झेट अक्षराचा उच्चार 'झ' करू नका. चाक, चूल, चमचा यांतला जो दंत्य च आहे, तोच तो. त्साइट, त्सुकर, त्सेन हे मराठी माणसाला जन्मजात येतं, पण इंग्रजी स्पेलिंग डोळ्यांसमोर असल्यानं मुलं 'झाइट' म्हणतात. डब्ल्यू म्हणजे आपला व, आणि व्ही बहुतेक जर्मन शब्दांत फ.

ऊमलाउटसाठी आरशासमोर उभं राहा. तोंडात 'ई' धरा आणि ओठ तसेच 'ऊ'सारखे गोल करा, यू-ऊमलाउट तयार. 'ए' धरून ओठ 'ओ'सारखे केले की ओ-ऊमलाउट. 'इश'मधला शेवटचा आवाज 'श' नाही. 'ही' म्हणताना 'ह' ज्या जागी घासतो ती जागा आहे. किर्शे दोन प्रकारे उच्चारलं की एकदा चर्च होतं, एकदा चेरी. ऱ्हस्व-दीर्घही सांभाळा: ऑफेन म्हणजे उघडं, ओफेन म्हणजे भट्टी.

ऐकणं, लिहिणं, बोलणं

शाळेच्या परीक्षेचा भर लिहिण्यावर असतो, त्यामुळे ऐकणं मागे पडतं. डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या संकेतस्थळावर ए-वन ते बी-वन असा पूर्ण व्हिडिओ अभ्यासक्रम मोफत आहे, आणि मुद्दाम सावकाश वाचलेल्या बातम्याही. बातम्या बी-वनच्या वरच्या आहेत, त्या नंतर. सुरुवातीला एकच तुकडा घ्या: पहिल्यांदा नुसता ऐका, दुसऱ्यांदा मजकूर समोर ठेवून, तिसऱ्यांदा थांबवत थांबवत मोठ्यानं मागोमाग म्हणा. रोज नवीन तुकडा ऐकण्यापेक्षा एकच तुकडा तीन दिवस चावणं जास्त कामाचं.

लिहिताना मायना सांभाळा. आपल्या जुन्या पत्रांत 'तीर्थरूप', 'सप्रेम नमस्कार' ठरलेले असत, तसे जर्मन पत्रातही ठरलेले आहेत. ओळखीच्याला लीबे किंवा लीबर, अनोळखी साहेबाला झेअर गेएअर्टर हेर, बाईंना झेअर गेएअर्टे फ्राउ, आणि शेवटी मिट फ्रॉइंटलिशेन ग्र्यूसेन. मायन्यानंतर स्वल्पविराम, आणि पुढची ओळ लहान अक्षरानं सुरू. मोबाइलवर जर्मन कीबोर्ड घालून घ्या. नसेल तेव्हा ऊमलाउटऐवजी त्या स्वरापुढे 'ई' लिहिलेला चालतो.

चॅटबॉट वापरायचा असेल तर आधी स्वतः लिहा आणि मग फक्त चुका दाखवायला सांगा, 'सुधारून दे' म्हणू नका. दुरुस्त झालेलं वाक्य वाचून सगळ्यांनाच वाटतं की हे आपल्याला येत होतं.

बोलण्यासाठी जोडीदार लागतोच. वर्गातलाच एक धरा. शनिवारी कृष्णाकाठी फिरायला जा किंवा विश्रामबागेतल्या एखाद्या कट्ट्यावर बसा, पण वीस मिनिटं मराठी बंद. विषय घरचेच घ्या: हळदीचा बाजार, मिरजेत सतार कशी बनते, 2019 च्या महापुरात घरात कुठवर पाणी आलं होतं. पाठ्यपुस्तकातल्या बर्लिनच्या सहलीवर बोलायला तुमच्याकडे काहीच नसतं. महापुरावर मात्र भूतकाळ, पॅसिव्ह आणि 'वाइल' आपोआप तोंडात येतात, कारण सांगायला गोष्ट असते.

परीक्षेची तयारी

शाळेच्या मार्कांचा आणि बी-वनचा थेट संबंध लावू नका. नव्वदच्या वर मार्क असलेला मुलगा तोंडी परीक्षेत गप्प बसलेला दिसतो, यात त्याचा दोष कमी आणि सरावाचा जास्त. बाहेरचं प्रमाणपत्र हवं असेल तर गोएथेची बी-वन परीक्षा शाळकरी मुलांसाठी वेगळ्या रूपातही होते. विषय त्यांच्या वयाचे असतात. जवळचं केंद्र पुण्यातलं मॅक्स म्युलर भवन, म्हणजेच गोएथे इन्स्टिट्यूट. नोंदणीच्या तारखा लवकर भरतात, त्यामुळे मिरजेहून रेल्वेचं तिकीट काढायच्या आधी परीक्षेची जागा पक्की करा.

परीक्षेचे चार स्वतंत्र भाग आहेत. वाचन 65 मिनिटं, ऐकणं 40, लेखन 60, आणि बोलणं दोघांचं मिळून सुमारे 15. प्रत्येकाला 100 गुण, उत्तीर्ण व्हायला प्रत्येकात 60. लेखनात तीन कामं: ओळखीच्याला सुमारे 80 शब्दांचं पत्र, एखाद्या चर्चेवर 80 शब्दांत मत, आणि अनोळखी माणसाला 40 शब्दांचा औपचारिक निरोप. वेळ पहिल्या दोन कामांतच संपतो आणि तिसरं घाईत होतं, म्हणून घड्याळ लावून सराव करा आणि हवं तर छोट्या निरोपापासून सुरुवात करा. ऐकण्यातले चारपैकी मधले दोन भाग एकदाच ऐकवतात. तिथे प्रश्न आधी वाचून घेतले नाहीत तर परत संधी नाही.

बोलण्यात आधी जोडीदाराबरोबर काहीतरी ठरवायचं असतं, मग एका विषयावर छोटं भाषण, मग त्यावर प्रश्नोत्तरं. भाषणाचा साचा ठरलेला आहे: विषय काय, तुमचा अनुभव, तुमच्या देशातली परिस्थिती, फायदे-तोटे आणि मत, समारोप. शाळेत मोबाइल असावा का, अशा धाटणीचे विषय येतात. 'तुमच्या देशात' यावर संपूर्ण भारताबद्दल बोलायला जाऊ नका, आपल्या तालुक्याबद्दल बोला. वाक्यं छोटी राहतात आणि चुका कमी होतात. जोडीदार अडखळला तर त्याला प्रश्न विचारून सावरून घ्या. सोबत मिळून बोलता येतं का, हेही परीक्षक पाहत असतात.

चारपैकी एखाद्याच भागात 60 च्या खाली गेलात तर तेवढाच भाग पुन्हा देता येतो, बाकीचे तीन वाया जात नाहीत. त्यामुळे बोर्डाच्या वर्षात सगळे भाग एकाच दिवशी देण्याचा हट्ट धरायची गरज नाही. वाचन आणि लेखन दिवाळीच्या सुमाराला, ऐकणं आणि बोलणं बोर्डाची परीक्षा झाल्यावर मे महिन्यात, अशी विभागणी केंद्राच्या तारखा पाहून जमते का ते आधी विचारून ठेवा.